दुसऱ्या गिअरची करकर: बलेनो आरएसचा गिअरबॉक्स उघडला, त्याच्या नोंदी

गाडी बलेनो आरएस, 2017ची. 998 सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद 102 पीएस, टॉर्क 150 एनएम, पाच गिअर. मी 2019 मध्ये 31,000 किलोमीटरला सेकंडहँड घेतली. त्यापुढचं सगळं रनिंग माझं एकट्याचं, त्यामुळे आधीच्या मालकाच्या नावावर बिल फाडायची सोय नाही. रोज फुलेवाडी ते शिरोली एमआयडीसी, म्हणजे अख्खं कोल्हापूर आडवं कापायचं, आणि महिन्यातून दोन रविवार गगनबावड्याकडे. गिअरबॉक्सचं काम निघालं तेव्हा शोधूनही मराठीत कुणी तपशिलात लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवतोय. चुकांसकट.

9 ऑक्टोबर 2022, 68,410 किमी

करूळ घाट चढून येताना एका वळणावर तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि "कर्रर्र" झालं. बायको शेजारी होती. "काय मोडलं?" म्हणाली. काही नाही म्हटलं. पुढच्या वळणावर परत तेच. दुसरा पडत होता, पण ओरडून पडत होता. वर गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा इंजिन बंद करून पाचही गिअर टाकून बघितले, लोण्यासारखे पडले. म्हणजे लिव्हर किंवा केबलचा प्रश्न नाही, आतला आहे. हे तेव्हाच कळायला हवं होतं. मी मात्र ऑइलवर संशय धरला, कारण ऑइल बदलणं स्वस्त असतं.

16 ऑक्टोबर

पहिली चूक. गिअर ऑइल बदललं आणि डोकं चालवून नव्वद नंबरचं जाड ऑइल टाकलं. हिशोब असा की दात झिजले असतील तर जाड ऑइल आवाज गिळेल. डबा जीएल-5 दर्जाचा होता. गाडीच्या पुस्तकात पातळ जीएल-4 सांगितलंय, ते वाचूनही. खर्च 1,350.

आता माहीत आहे ते लिहून ठेवतो. सिंक्रो म्हणजे गिअर पडायच्या आधी गिअर आणि शाफ्टचा वेग जुळवणारी यंत्रणा. तिची रिंग पितळेची असते आणि रिंगचं काम घासून वेग जुळवणं. तिला ऑइलचा थर पटकन कापता आला पाहिजे. जाड ऑइलमध्ये तो कापला जात नाही, रिंग घसरते. आणि जीएल-5मधली गंधक-फॉस्फरसची मिश्रणं डिफरन्शियलच्या दातांसाठी असतात. गरम झाल्यावर ती पितळेला खातातही. म्हणजे जी रिंग आधीच मरत होती तिला मी औषध म्हणून विष पाजलं.

6 नोव्हेंबर, 69,300 किमी

थंडी सुरू झाली. सकाळी पहिले तीन किलोमीटर दुसरा पडतच नाही. रंकाळ्यापर्यंत पहिल्यातून थेट तिसरा टाकत जातोय, इंजिन धडधडतं. तीन सिलिंडरला हजार-बाराशे आरपीएमवर तिसऱ्यात ओढायला लावलं की अख्खी गाडी अंगात आल्यासारखी हलते. हेही गिअरच्या दातांना चांगलं नाही. एक दुखणं लपवायला दुसरं जन्माला घातलं.

13 नोव्हेंबर

आज अर्धं कोडं सुटलं आणि लाज वाटली. गाडी धुताना पायाखालची मॅट बाहेर काढली. दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेली जाड सेव्हन-डी मॅट, 2,800 रुपयांची. तिच्याशिवाय क्लच दाबून बघितला तर पेडल आणखी खाली गेलं. पट्टी लावून मोजलं: मॅटसकट आणि मॅटशिवाय यात 18 मिमीचा फरक. म्हणजे दोन वर्षं मी क्लच पूर्ण दाबतोय असं समजत होतो आणि प्लेट किंचित चिकटूनच फिरत होती. इंजिन इनपुट शाफ्टला, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्सात येणाऱ्या दांड्याला, ओढतंय, सिंक्रो त्याला आवरायला बघतोय, आणि मी वरून लिव्हर दामटतोय.

मॅट काढून चालवली. पहिला आणि रिव्हर्स लगेच गुळगुळीत झाले. दुसऱ्याची करकर निम्म्यावर आली, पण गेली नाही. कुणाच्या गाडीचा गिअर ओरडत असेल तर गॅरेजला जायच्या आधी मॅट उचलून बघा. फुकट आहे.

27 नोव्हेंबर, 69,950 किमी

जाड ऑइल काढून टाकलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लगदा, शाईच्या गाळासारखा. तो थोडाफार असतोच, लोखंडाचा. भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. ऑइल स्टीलच्या ताटात ओतून उन्हात धरलं. ताट हलवलं की सोनेरी भुकटी चमकत होती, लग्नातल्या जरीसारखी. चुंबक फिरवला तर एक कण चिकटला नाही. पितळ. रिंग ऑइलमध्ये उतरली होती.

संध्याकाळी उद्यमनगरात मिस्त्रींकडे गेलो. साठीचे आहेत, आमच्या कंपनीच्या जीपपासून ओळख. त्यांनी फक्त उद्यमनगरातल्या उद्यमनगरात एक चक्कर मारली, तीही मला चालवायला लावून. स्वतः शेजारी बसले आणि रस्त्याकडे न बघता माझ्या हातापायाकडे बघत राहिले. उतरताना म्हणाले, "गाडी चालवतोयस का कुस्ती खेळतोयस रं?" मग बोटं मोजत सांगितलं. चालवताना डावा हात सगळा वेळ लिव्हरवर. सिग्नलला पहिला टाकून क्लच दाबून उभा. चढाला ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवलेली. आणि चौथ्यातून थेट दुसरा.

मी म्हटलं, "पण मामा, मी टाच-पंजा करतो. ब्रेकवर पाय ठेवून टाचेनं रेस देऊन मगच गिअर खाली घेतो. आरपीएम जुळवूनच टाकतो."

"क्लच दाबलेला असतोय न्हवं तेव्हा?"

"हो."

"मग रेस कुणाला दिलीस? इंजिनाला. गिअरबॉक्सला कुठं पत्ता हाय?"

रात्रभर हे वाक्य डोक्यात होतं. तीन वर्षं व्हिडिओ बघून शिकलेली कला. क्लच दाबलेला असताना रेस दिली की इंजिन वर जातं, पण इनपुट शाफ्ट सुटलेला असतो. तो अजून तिसऱ्याच्याच वेगात. त्याला दुसऱ्याच्या वेगाला आणायचं काम सगळं सिंक्रोनंच करायचं. टाच-पंजानं क्लच प्लेट वाचते, गाडीला झटका बसत नाही, घाटात पुढची चाकं शांत राहतात, हे सगळं खरं. पण सिंक्रोला त्यानं एक पैशाचा आराम नाही. उलट मला वाटायचं की मी तर जुळवून टाकतोय, म्हणून मी बिनधास्त दामटायचो.

5 डिसेंबर (सोमवार), 70,020 किमी

दोन दिवस रजा टाकली. अट एकच घातली: मी मदतीला असणार. मिस्त्री म्हणाले, मदत नको, मध्ये येऊ नको. शेवटी तडजोड झाली.

बॅटरी आणि तिचा ट्रे काढला, केबल सोडवल्या, स्टार्टर काढला. इंजिन वरून आडव्या पाइपला साखळीनं टांगलं. खालून लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून दोन्ही ॲक्सल ओढले. डावा ॲक्सल जागचा हलेना, त्यात दीड तास गेला. बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सचं तोंड इंजिनाला जोडणारे, बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, हे उतरवतानाच लक्षात ठेवा. मी पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचा आकार काढून ज्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवला. दिवसभरात मिस्त्रींनी माझं केलेलं एकमेव कौतुक याच पुठ्ठ्याचं. संध्याकाळी सहाला बॉक्स खाली.

क्लच प्लेट रिवेटपासून कागदाएवढी उरली होती. फ्लायव्हीलवर निळसर डाग, भाकरीच्या तव्याला पडतात तसे. ते हाफ क्लचचे. ऊस सुरू झाला की तावडे हॉटेलपासून पुढे दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर समोर असतो, आणि मी त्याच्या मागे वीसच्या स्पीडनं अर्धा क्लच दाबून रांगत असतो. त्याचा हिशोब तिथे निळ्या शाईत लिहिलेला होता.

7 डिसेंबर

आजची नोंद मोठी आहे. बॉक्स उघडला.

बाजूचं झाकण काढलं की आधी पाचवा गिअर लागतो. तो पुलर लावूनच निघतो. हातोडीनं ठोकायचा मोह आवरा. मग केसचे बोल्ट, दोन्ही अर्धे भाग सोडवले, आणि शाफ्ट जोडीनं उचलून टेबलावर ठेवले. मी दिवसभर सीएनसी मशीनवर दुसऱ्यांच्या जॉबला मायक्रॉनवरून नावं ठेवणारा माणूस. खिशात व्हर्निअर आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊनच गेलो होतो.

रिंग आपल्या गिअरच्या कोनवर, म्हणजे शंकूसारख्या निमुळत्या भागावर, दाबून धरायची आणि रिंगचे दात व गिअरचे दात यांच्यामधली फट मोजायची. रिंग आतून झिजली की कोनवर आणखी खोल बसते, फट कमी होते. पहिल्याची फट 0.9 मिमी, तिसऱ्याची 1.0, चौथ्याची 1.1. दुसऱ्याची 0.25 मिमी. तिसऱ्यांदा मोजलं, तरी तेच. रिंगच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात, जे ऑइलचा थर कापतात. बाकी रिंगांचे आटे नखाला लागत होते. दुसऱ्याच्या रिंगवर नख फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत.

त्याहून वाईट स्लीव्ह, म्हणजे शाफ्टवरच्या हबवर सरकून गिअरला शाफ्टशी जोडणारं कडं. स्लीव्हच्या दातांना टोक केलेलं असतं, पेन्सिलीला करतात तसं, दोन्ही बाजूंनी. त्या टोकामुळेच तो गिअरच्या दातांत सरळ घुसतो. माझ्या स्लीव्हला पहिल्याच्या बाजूची टोकं नवीकोरी आणि दुसऱ्याच्या बाजूची बोथट, कोपरे उडालेली. एकच वस्तू, एक अंग शहाण्यानं वापरलेलं आणि एक माझ्यासारख्यानं. दुसऱ्या गिअरच्या बाजूचे छोटे दातही खाल्लेले. म्हणजे नुसती रिंग बदलून भागणार नव्हतं.

मग शिफ्ट फोर्क. स्लीव्हच्या खाचेत बसून तिला मागेपुढे सरकवणारा हा चिमटा. गिअर पडला की त्यानं मोकळं राहायचं असतं, कारण स्लीव्ह फिरत असते आणि फोर्क नाही. लिव्हरवर हात ठेवला की त्या हाताचं वजन फोर्कमधून फिरत्या स्लीव्हवर दाबलं जातं. नव्या फोर्कशी व्हर्निअरनं ताडून बघितलं: पहिल्या-दुसऱ्याचा फोर्क एका बाजूला 0.6 मिमी झिजलेला आणि आरशासारखा चकाकणारा. मिस्त्रींनी तो माझ्या हातात ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्याचंच एवढं का झालं तेही टेबलाशी उभं राहून बोललो. साठच्या स्पीडला माझी गाडी तिसऱ्यात 2,700 च्या आसपास असते आणि दुसऱ्यात 4,000 च्या आसपास. रिंगला एवढा फरक अर्ध्या सेकंदात भरून काढायचा. चौथ्यातून थेट दुसरा टाकला तर फरक साधारण दीडपट, आणि फरक दीडपट झाला की घासण्याचं काम सव्वादोनपट होतं. मी घाटात प्रत्येक वळणाला तेच करत होतो, तेही तळहातानं ठोकून.

8 ते 14 डिसेंबर

पार्टची वाट. रिंग आणि सील कोल्हापुरात मिळाले, स्लीव्ह-हबचा सेट आणि दुसरा गिअर पुण्याहून आला, त्यात सहा दिवस गेले. बसनं कामाला जातोय. ड्रायव्हरच्या मागची सीट पकडून त्याचा डावा पाय बघत बसतो. सिग्नलला न्यूट्रल करून पाय खाली. प्रत्येक वेळी.

यात एक दुपार फुकट गेली. सिलेक्टर शाफ्टला जागेवर धरणारा डिटेंटचा छर्रा, वाटाण्याहून लहान, मी प्लग उघडताना स्प्रिंगनं उडवला. मिस्त्री जेवायला गेले होते. तीन तास चुंबक बांधलेली काठी घेऊन गॅरेजची जमीन झाडत होतो. चार नट, एक बेअरिंगचा गोळा आणि कुणाची तरी अंगठी सापडली, छर्रा नाही. तो माझ्या शर्टाच्या खिशात होता. डिटेंटचा प्लग उघडताना वर फडकं धरा.

16 डिसेंबर

जुळणी. हब-स्लीव्ह शाफ्टवर प्रेसनं बसवले. हबची उंच बाजू कुठे येते याचा फोटो उतरवतानाच काढला होता, म्हणून वाचलो. उलटी बसवली तर परत प्रेस. नव्या रिंगा दोन तास गिअर ऑइलमध्ये भिजवून मगच बसवल्या. नव्या दुसऱ्याची फट 1.2 मिमी. पहिल्याचीही रिंग बदलली, ती ठीक होती तरी. बॉक्स परत खाली घ्यायची ताकद नव्हती. इनपुट शाफ्टची दोन्ही बेअरिंगं फिरवताना खरखरत होती, तीही नवी.

ऑइल या वेळी पुस्तकात आहे तेच. लेव्हलच्या प्लगमधून ओघळेपर्यंत भरायचं, गाडी सपाट जागी उभी करून.

18 डिसेंबर

पार्किंगमध्ये फरशीवर बशीएवढा डाग. डाव्या ॲक्सलच्या तोंडाशी गळती. सील किटमध्ये नवीन सील होतं, पण "हे चांगलंय की" म्हणत जुनंच ठेवण्याचा आग्रह माझा होता. का, ते आज आठवत नाही. उपसण्याचा कंटाळा आला असणार. परत बॉल जॉइंट, परत ॲक्सल, अर्धा दिवस. त्यात किटमधलं सील मी बसवताना तिरकं ठोकून वाकवलं, म्हणून आणखी एक आणावं लागलं.

एकूण खर्च लिहितो. दुसऱ्याची रिंग 1,150, पहिल्याची 1,050, स्लीव्ह-हब 4,600, दुसरा गिअर 3,400, फोर्क 1,250, दोन बेअरिंगं 1,900, सील किट 640, क्लचचा पूर्ण सेट 6,800, ऑइल 1,650, प्रेसचं काम 400, मजुरी 8,500. झाले 31,340. वाकवलेल्या सीलचा कारभार आणखी 890, म्हणजे 32,230. वर नव्वद नंबरच्या ऑइलचे 1,350 माझ्या शहाणपणाचे. गाडी तेरा दिवस बंद.

25 डिसेंबर, 70,140 किमी

थोरले काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. त्यांच्या उमेदीतल्या गाड्यांना सिंक्रो नव्हतेच. वेग जुळवून गिअर टाकायचा, नाहीतर अख्ख्या बसला ऐकू जायचं. आज त्यांना शेजारी बसवून फुलेवाडीपासून बालिंग्यापर्यंत चार फेऱ्या मारल्या. डबल क्लच. खाली घेताना क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, *आता* रेस द्यायची, परत क्लच दाबून खालचा टाकायचा. मधे क्लच सोडलेला असल्यामुळे रेस इनपुट शाफ्टपर्यंत पोचते आणि रिंगला करायला फार काही उरत नाही.

पहिल्या दोन फेऱ्या मी मागच्या दुचाकीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. काका म्हणाले, "घाई कशापायी? गिअर म्हंजे दार हाय. आधी कडी काढावी, मग ढकलावं." तिसऱ्या फेरीला एकदा नीट जुळलं. दुसरा गिअर टाकावा लागलाच नाही, लिव्हर दोन बोटांनी टेकवली आणि तो आत ओढला गेला. तीन वर्षांत या गाडीनं असं कधी केलं नव्हतं. काकांनी खिडकीबाहेर बघत मान हलवली.

15 जानेवारी 2023, 70,900 किमी

पहिले हजार किलोमीटर नव्या रिंगांना सवय व्हावी म्हणून 3,500 च्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं. आतापर्यंत पाळलं, एक दिवस सोडून. तो दिवस मुलीला शाळेत सोडायला उशीर झाला होता.

रोजच्या शहरात डबल क्लच करत नाही, खोटं कशाला लिहू. तिथे एवढंच करतो: सिग्नलला न्यूट्रल, चढाला हँडब्रेक, ट्रॉलीमागे दोन गाड्यांचं अंतर ठेवून पूर्ण सोडलेल्या क्लचवर पहिल्यात, आणि गिअर एकेक करून खाली. न्यूट्रलला लिव्हर अर्धा क्षण थांबवली की रिंगला तेवढा वेळ मिळतो. सकाळी पहिले दोन किलोमीटर दुसरा हळू, बोटांनी. डबल क्लच फक्त घाटात.

हाताची सवय मात्र जाता जात नाही. मुलगी पुढे बसली की लिव्हरवर गेलेल्या माझ्या हातावर चापट मारते. तिला मी एका चापटीला एक रुपया कबूल केला होता. संक्रांतीपर्यंत 43 रुपये झाले.

9 एप्रिल, 73,200 किमी

काल गगनबावडा करून आलो, आज ऑइल काढलं. ठरलं होतं तीन हजार किलोमीटरला, म्हणून. चुंबकावर थोडा लगदा. ताट उन्हात धरलं, बराच वेळ हलवलं. नव्या रिंगांचं थोडं पितळ येणारच होतं. चार-सहा ठिपके दिसले, जरीसारखी चमक नाही. करूळ घाटात वर-खाली दोन फेऱ्यांत दुसरा एकदाही ओरडला नाही. एकदा माझंच चुकलं, रेस कमी पडली, तर लिव्हर मध्येच अडून उभी राहिली. आधी ठोकून घातला असता. काल परत न्यूट्रलला आणून दुसऱ्यांदा टाकला.

क्लच पेडल मॅटशिवाय, खाली साधी रबरी पट्टी. जुनी मॅट गच्चीवर कुंड्यांखाली आहे.

राहिलेलं काम: पाचव्या गिअरच्या झाकणाशी घाम येतोय. थेंब नाही, नुसता ओलसरपणा, धूळ चिकटते. सीलंट मीच लावलं होतं तिथं. मिस्त्री म्हणाले, ठिपका पडायला लागला की ये, तवर पुसत रहा. दर रविवारी पुसतोय.